दुसरा आकडा

ताराचंद गजभियेच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं रुपराव भोयर बारा वर्षं स्वतःला सांगत आले होते. 'राहून गेलं' हे म्हणायला सोयीचं होतं. छत्री कुणाकडे राहून जावी, तसं त्यात वाटतं. पण पत्र कुठं हरवलं नव्हतं. आत्ताही ते त्यांच्या मांडीवरच्या पुस्तकात होतं. आधी एका पुस्तकात खूण म्हणून घातलं, ते संपल्यावर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. वाचनालयाची पुस्तकं परत जात, पत्र घरी राही. घड्या आता इतक्या विरल्या होत्या की ते उघडायचं झालं तर दोन्ही हात लागत.

आणि समोर खुर्चीवर बसून, बशीतला चहा फुंकत, नत्थू तेच नाव घेत होता.

"ताराचंद या महिन्यात रिटायर होऊन राहिला, साहेब. तीस तारखेले. स्टोअरवाल्यायनं हारतुरे ठेवले आहेत. म्या म्हटलं, भोयर साहेबाले सांगून येतो."

रुपरावांनी पुस्तक मिटलं. नत्थू हा त्यांच्या टेस्टिंगच्या जीपमधला जुना मदतनीस. पंधरा वर्षं त्यानं त्यांची पेटी, वायरी आणि त्यांचा अबोलपणा विदर्भभर वाहिला होता. रुपराव निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तो अधूनमधून मनीषनगरच्या या नव्या ले-आउटमध्ये सायकल हाणत यायचा. इथं अजून घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, आणि रेल्वेचं फाटक बंद असलं की माणूस अर्धा अर्धा तास तिथंच अडकायचा.

"अजून स्टोअरमध्येच आहे का तो?" रुपरावांनी विचारलं.

"तं कुठं जाईन? सर्व्हिस बुकात निष्काळजी लिहिलेल्या माणसाले पॅनलवर कोण बसवते? बारा वर्षं झाले, केबलचे ड्रम मोजून राहिला." नत्थूनं बशी खाली ठेवली. "पण एक सांगतो. जेवणाच्या सुट्टीत रोज कंट्रोल रूमच्या खिडकीपाशी येते. बाहेरून पाहते. मीटरचे काटे पाहते, रिले पाहते. आत नाही येत. कोणी ये म्हटलं तरी नाही."

रुपरावांनी पुस्तकातली पत्राची खूण नीट आत सारली. मग नत्थू निघाला तेव्हा, त्याच्या सायकलला टेकून, ते कधी विचारतील असं कुणालाच वाटलं नसतं असा प्रश्न त्यांनी विचारला. ताराचंद त्यांच्याबद्दल कधी काही म्हणतो का?

"नाही बा," नत्थू म्हणाला. "एक डाव मीच काढला विषय. तं म्हणे, साहेबाले पत्र पोचलंच नसन."

हे ज्या दिवसाचं आहे तो दिवस चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमधला. त्याआधी रुपरावांचं काम काय होतं ते सांगायला हवं. ते स्वतः ते कुणाला सांगायला जात नसत. चार वाक्यांत ऐकणाऱ्याची नजर ढळते असा त्यांचा अनुभव होता.

गावोगाव वीज नेणारी लाइन जिथून सुटते, तिथं अंगणात एक मोठा ब्रेकर असतो. लाइनवर काही बिघाड झाला, तार तुटून पडली, की त्यानं क्षणात उघडायचं आणि वीज तोडायची. पण ब्रेकरला स्वतःची अक्कल नसते. त्याला हुकूम देतो तो आतल्या पॅनलवरचा रिले, काचेमागं बसलेलं वहीएवढं यंत्र. करंट जास्त झाला की रिले एका वायरीतून ब्रेकरला सांगतो: उघड. रुपरावांचं काम हे की रिले वेळेवर सांगतो की नाही ते तपासायचं. दर तपासणीला खरा ब्रेकर उघडून गावं अंधारात घालता येत नाहीत. म्हणून ब्रेकरकडे जाणारी वायर सोडायची, तिच्या जागी एक दिवा जोडायचा, आणि यंत्रानं खोटा करंट सोडून रिलेला फसवायचं. दिवा लागला की हुकूम सुटला.

सगळे टेस्टर एवढंच करत. रुपरावांना मात्र दिव्यावर विश्वास नव्हता. दिवा लागला हे दिसतं, पण एकदा लागला की दोनदा, हे डोळा मिटला तर कळत नाही; आणि आपण नेमक्या वेळी डोळा मिटणार अशी त्यांची स्वतःबद्दल खात्री होती. म्हणून त्यांनी लकडगंजातल्या एका भंगारवाल्याकडून टेलिफोनचे कॉल मोजणारा जुना मीटर आणला आणि सागवानी डबीत दिव्याशेजारी बसवला. हुकूम आला की डबी टक् वाजायची आणि आकडा एकानं पुढं जायचा. मागं कधी जायचा नाही. नत्थू तिला नकली ब्रेकर म्हणायचा आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायचा. साहेब लोक हसायचे. हुकूम एकदाच सुटायला हवा, तर एकदाच सुटला याची खात्री कुणाला हवी असते?

सावरखेडीच्या सबस्टेशनवर त्या दिवशी ड्यूटीवर ताराचंद होता. काळासावळा, पंचेचाळिशी ओलांडलेला, बाहीला घडीची रेघ असलेला सदरा घातलेला माणूस. ऑपरेटर सहसा टेस्टर आले की टेबलावर पाय ठेवून वर्तमानपत्र उघडत. हा खुर्ची ओढून डबीपाशी बसला आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिल्यावर त्यानं विचारलं:

"साहेब, रिलेले समजते का, का समोर ब्रेकर नाही, डबी आहे?"

रुपरावांच्या हातातला पेचकस थांबला. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं की नाही समजत. रिले फक्त सांगतो. ऐकणारा कोण आहे, त्यानं ऐकलं का, हे त्याला दिसत नाही. ताराचंदनं मान डोलावली आणि म्हणाला, "मंग डबी पास झाली म्हंजे रिले पास झाला. ब्रेकर तं आपण पाह्यलाच नाही."

बरोबर होतं. त्यासाठीच नियम असा, की डबी काढून वायर पुन्हा जागेवर कसायची आणि शेवटी एकदा खरा ब्रेकर उघडून पाहायचा. पण हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी वगळला जाई. कुठं परीक्षा असत, कुठं लग्न. त्या दिवशी तालुक्याला पाणी चढवणारे पंप चालू होते, आणि एप्रिलमध्ये पंप थांबवा म्हणायची कुणाची छाती नव्हती. फोनवरून साहेबांनी विचारलं, डबी वाजली ना? वाजली. मग झालं.

रुपरावांनी वायर परत जागेवर नेली आणि स्क्रू कसला. पॅनलमागं अंधार असतो, ताराचंदनं टॉर्च धरला. खोटा करंट देणारं यंत्र अजून बंद केलेलं नव्हतं, डबीचे चिमटेही निघायचे होते. रुपरावांचं कोपर यंत्राच्या मुठीला लागलं आणि डबी टक् वाजली. ताराचंदनं एकदम मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. रुपरावांना वाटलं, कंटाळला. त्यांनी चिमटे काढले, वहीत आकडा लिहिला, आणि सरकारी कागदावर 'दिवा लागला, संख्या एक, ठीक' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. वहीतल्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक दोनचा होता. पण कागदावर दोन लिहिलं की वरून विचारणा येते, आणि तिचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, वावटळीत सावरखेडीच्या लाइनची तार तुटून रस्त्यावर पडली. ब्रेकर उघडला नाही. पाण्यावर निघालेली दोन बैलं तारेवर पाय पडून जागच्या जागी गेली. शेताच्या धुऱ्यावरून माणूस ओरडत आला, तेव्हा ताराचंदनं धावत जाऊन सगळ्या सबस्टेशनचीच वीज तोडली, म्हणून गोष्ट बैलांवर थांबली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. पॅनलमागची वायर सैल सापडली. आदल्या दुपारच्या गोंधळात तिथं चारपाच जणांचे हात गेले होते, पण ते कुणी विचारलं नाही. टेस्टरचा कागद ठीक होता. म्हणजे वायर नंतर सैल झाली, म्हणजे ऑपरेटरनं साफसफाई करताना केली. चहा पिताना कुणीतरी म्हणालं, गजभिये ना, मग असंच असणार. दोघंतिघं हसले. रुपराव हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला.

ते न हसणं त्यांनी पुढं बरीच वर्षं स्वतःच्या बाजूनं धरलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आंतरदेशीय पत्र, निळ्या शाईतलं गोलसर अक्षर.

'माननीय भोयर साहेब यांस ताराचंद गजभियेचा सविनय जयभीम. त्या दिवशी वायर आपण स्वतः कसली, मी टॉर्च धरला होता. वायर कसल्यानंतर आपली डबी एकदा वाजली. वायर जागेवर होती तर ब्रेकर तेव्हाच उघडायला पाहिजे होता. आवाज आला नाही म्हणून मी बाहेर पाहिलं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही, ही माझी चूक. मला वाटलं आपल्याला माहीत असेल. साहेब, विनंती एवढीच आहे की आपली वही पाहावी. आकडा दोन असेल तर तेवढं लिहून कळवावं. एक असेल तर माझं काही म्हणणं नाही.'

रुपरावांनी वही उघडली. फरक दोन होता. त्यांनी वही मिटली.

आणि मग त्यांना शंका आल्या. शंका हा त्यांचा जन्माचा रोग, पण त्या वेळी तो फार उपयोगी पडला. दोन म्हणजे वायर कसल्यानंतरच वाजली कशावरून? हात कापला असेल, रिलेचा संपर्क थरथरला असेल, एकाच हुकुमाला मीटर दोनदा हलला असेल. जे आपल्याला नक्की माहीत नाही ते लेखी कसं द्यायचं? अशा प्रामाणिक दिसणाऱ्या प्रश्नांच्या मागं ते महिनाभर बसून राहिले. मग दुसरं पत्र आलं. मजकूर शब्दन्‌शब्द तोच. खाली एक ओळ जास्त होती: 'पहिलं पत्र आपल्याला पोचलं नसावं असं समजून पुन्हा लिहीत आहे.'

तिसरं आलं नाही.

नत्थू गेल्यावर रुपरावांनी माळ्यावरून डबी खाली काढली. सिंधूताईंनी, त्यांच्या पत्नीनं, ती कणकेच्या डब्याशेजारी ठेवलेली पाहिली आणि नाक मुरडलं. पण ती तिथंच राहू दिली, कारण नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांना कित्येक दिवसांनी काहीतरी शोधायला निघालेला माणूस दिसत होता. शेजाऱ्यांच्या स्कूटरची उतरवलेली बॅटरी आली, दाराच्या घंटीचं बटण निघालं. सकाळी दहा वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर टक्टक् सुरू झाली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"पाहून राहिलो, डबी खोटं बोलते का."

सिंधूताई पोळपाट बाजूला सारून समोर बसल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस दिवसभर काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि रुपरावांनी कधी सांगितलं नव्हतं. आता विचारलं. रुपरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि वरणाचं पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं.

"हे बटण म्हंजे रिले. तू ब्रेकर. बटण दाबलं का तू झाकण उचलाचं."

"आन् डबी कोण?"

"डबी तुह्या जागेवर बसणारी. तुले कामातून उठवाचं नसन तं तिले बसवाचं."

"ते झाकण उचलते?"

"नाही. किती डाव सांगतलं, तेवढं मोजते."

"असे बसल्या जागी मोजणारे लय आहेत आपल्या घरात," सिंधूताई म्हणाल्या. "झाकण उचलाले कोणी नाही येत."

रुपरावांना हसू आलं, आणि ते अर्ध्यावर थांबलं.

मग त्यांनी तपासायला सुरुवात केली. बटण हळू दाबलं, जोरात दाबलं. मुद्दाम हात थरथरवून दाबलं, आता त्याला फार कष्ट पडत नव्हते. टेबल हलवून पाहिलं. पेचकसानं तारेला तार घासून ठिणग्या पाडल्या. प्रत्येक वेळी सिंधूताई मोठ्यानं आकडा वाचत. दोनशे वेळा झालं. एका हुकुमाला दोन आकडे एकदाही पडले नाहीत. मग त्यांनी डबीचं झाकण खोलून आतलं चाक भिंगातून पाहिलं, आणि चाळीस मिनिटांत त्यांना कळलं ते चौऱ्याहत्तरमध्ये चार मिनिटांत कळलं असतं. हा मीटर मुळात मठ्ठ होता. टेलिफोनच्या कॉलसाठी बनवलेला, एकदा हलला की त्याला दम घ्यायला वेळ लागे. थरथर त्याला मोजताच येत नव्हती. आकडा दोन असेल, तर हुकूम दोनदा, वेगळा वेगळा, सुटला होता.

एक शंका मेली. दुसरी उरली: दुसरा हुकूम वायर कसायच्या आधी, की नंतर? ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. म्हणताना आवाजात थोडा सुटकेचा सूर होता, तो त्यांनाच ऐकू आला.

"वही आहे ना?" सिंधूताईंनी विचारलं.

वही ट्रंकेत होती. तिच्यात फरक दिसतो, वेळ दिसत नाही, असं रुपराव म्हणत होते, तोवर सिंधूताईंनी चष्मा लावून पान काढलंही. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यामुळे लिहिलेलं सगळं, लिहिलं आहे त्याच क्रमानं, बोट ठेवून वाचायची त्यांना सवय होती.

"चारशे सतरा. मंग चारशे अठरा. मंग ही बरोबरची खूण. मंग चारशे एकोणवीस." बोट थांबलं. "ही खूण कायची?"

"वायर जागेवर कसली का डबीवरचा आकडा पुन्हा पाहून मी खूण करतो. विसरू नये म्हणून. मंग चिमटे काढतो, आन् शेवटचा आकडा..."

ते थांबले.

सिंधूताईंनी मागचं पान उलटलं. चारशे सोळा, चारशे सतरा, खूण, चारशे सतरा. पुढचं उलटलं. चारशे एकोणवीस, चारशे वीस, खूण, चारशे वीस. सगळ्या वहीत खुणेच्या दोन्ही अंगांना आकडा सारखाच होता. एका ओळीत नव्हता.

"वायर लावल्यावर वाजली," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तं लिहून ठेवलं आहे."

रुपरावांनी वही हातात घेतली. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी ही ओळ एकदाच पाहिली होती, एकोणवीसातून सतरा वजा करण्यापुरती, आणि मग बारा वर्षं उघडली नव्हती. ते इतका वेळ वहीकडे पाहत राहिले की वरणाला फोडणी बसली तरी त्यांना कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं आता ती खोली स्वच्छ उभी होती. टॉर्चचा गोल, स्क्रू, कोपर, टक्. बाहेर अंगणात त्याच क्षणी तोफ सुटल्यासारखा आवाज व्हायला हवा होता, खांबांवरचे कावळे उडायला हवे होते. ताराचंदनं मान वळवली ती त्यासाठी. आणि त्यांनी स्वतः, वीस वर्षांचा अनुभव असलेल्या टेस्टरनं, ऐकलाच नव्हता तो न झालेला आवाज, कारण त्यांचा कान डबीला लागलेला होता. ब्रेकर त्या दिवशीच अडकलेला होता. बैलं नंतर गेली.

जेवताना त्यांनी सांगितलं की लिहिलं तर आपण कागदावर खोटं लिहिलं हेही लिहावं लागेल.

"मंग काय करतीन तुम्हाले आता?"

"करणार काही नाही. हसतीन. म्हणतीन, एवढा मोजणारा, आन् एक का दोन ते सांगता नाही आलं."

"मंग हसू द्या," सिंधूताई म्हणाल्या आणि वाटीत ताक ओतलं. "तो बारा वर्षं खिडकीतून पाहून राहिला. त्याले आत जाऊ द्या."

उत्तर लिहायला तीन दिवस लागले. रुपरावांनी आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, त्यामुळे साधं लिहिणं त्यांना फार जड जाई. पहिला खर्डा डबीच्या जन्मापासून सुरू झाला आणि चौथ्या पानावर लकडगंजातच होता. दुसऱ्यात क्षमा हा शब्द सात वेळा आला. तिसऱ्याच्या सुरुवातीलाच ते अडले. 'रा. रा. ताराचंद यांस' लिहिलं, खोडलं. 'अनेक आशीर्वाद' लिहिलं, ते तर लाजून खोडलं. ताराचंद त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षांनीच लहान असेल, आणि आशीर्वाद द्यायचा अधिकार त्यांना कुठून आला?

सिंधूताईंनी मागून डोकावून विचारलं, त्यानं काय मागितलं होतं.

"आकडा."

"मंग आकडा लिहा ना."

तेव्हा त्यांनी नवा कागद घेतला. 'श्री. ताराचंद गजभिये यांना रुपराव भोयर याचा जयभीम,' असं लिहिलं. हा शब्द त्यांनी याआधी कधी लिहिला नव्हता. तो कागदावर कसा दिसतो ते थोडा वेळ पाहिलं आणि पुढं लिहिलं.

'वही पाहिली. आकडा दोन आहे. दुसरा आकडा वायर कसल्यानंतरचा आहे, तशी खूण वहीत आहे. ब्रेकर त्याच दिवशी अडकलेला होता. वायर मी कसली होती, ती तुम्ही सैल केली नाही. खरा ब्रेकर उघडून पाहण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. सरकारी कागदावर मी एक लिहिला तो खोटा होता. हेच मी कार्यालयालाही आज लिहिलं आहे.'

इथं सही करायची होती. पेन कागदाला टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

'तुमची दोन्ही पत्रं मला पोचली होती.'

वहीचं पान त्यांनी पट्टी ठेवून ब्लेडनं कापलं. वाचनालयाच्या पुस्तकातलं पान कुणी फाडलेलं दिसलं तर दिवसभर ज्यांना जेवण गोड लागत नसे, त्या माणसाच्या हातून ते पान सरळ, स्वच्छ निघालं. त्याची एक नक्कल कार्यालयाच्या लिफाफ्यात गेली. मूळ पान ताराचंदच्या.

पोस्टातल्या कारकुनानं कार्यालयाचा लिफाफा रजिस्टर केला आणि विचारलं, पोचपावती पाहिजे का. रुपराव म्हणाले, पाहिजे. दुसऱ्या लिफाफ्यासाठीही त्यानं हात पुढं केला. रुपराव घुटमळले. गुलाबी पावतीवर ताराचंदची सही परत येईल, पत्र पोचल्याचं कळेल. पण पोचणं किती असतं ते त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे दोनदा पोचलं होतं.

"ते साधंच जाऊ द्या," ते म्हणाले. "मी पेटीत टाकतो."

बाहेर लाल पेटी होती. तिच्या पोटावरच्या पत्र्यावर पत्रं काढण्याची पुढची वेळ साडेचार असं लिहिलं होतं. रुपरावांनी लिफाफा आत सोडला. तळाशी तो पडल्याचा बारीक आवाज झाला.

घड्याळात पावणेचार वाजले होते. समोर लिंबाखाली सायकल दुरुस्तीवाल्याचं बाकडं होतं. रुपराव त्यावर जाऊन बसले. वाचायला पुस्तक आणलं होतं, ते उघडलं. खुणेचं पत्र आत होतंच, ते काढून त्यांनी खिशात ठेवलं, पण वाचणं काही झालं नाही. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, बाबाजी, कोणाची वाट पाहून राहिले? ते म्हणाले, कोणाची नाही, असाच बसलो.

पाच वाजून दहा मिनिटांनी खाकी पिशवी घेतलेला पोस्टमन आला. त्यानं सायकल टेकवली, किल्ल्यांचा जुडगा काढला, एक लावली, ती लागली नाही, दुसरी लावली. रुपराव बाकड्यावरून उठून उभे राहिले. कुलूप निघालं. पेटीचं दार करकरलं आणि मग, धाडकन, पूर्ण उघडलं, आणि लिंबावरचे कावळे उडाले.